सूचीपत्र : एक दुर्लक्षित गद्य

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या भांडी बाजारातील एका दुकानदारांनी त्यांच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कॅटलॉगचा मजकूर लिहिण्याचे काम मला दिले. काम 24 पानांचे. समीक्षा लिहिणाऱ्या मला ते दुय्यम वाटले आणि मी ते त्याच वृत्तीने केले. पितळी पातेल्याच्या छायाचित्राखाली लिहिले, ‘परंपरेचा सुवर्णस्पर्श, रोजच्या स्वयंपाकासाठी उत्तम’. प्रूफ आले तेव्हा दुकानदारांच्या आईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. ‘‘आतून कल्हई आहे का, ते कुठं लिहिलंय? बिनकल्हईच्या पातेल्यात चिंचेची आमटी कळकेल. मग बोल तुम्हाला नाही, आम्हाला लागेल.’’

प्रस्तुत लेखाचा उगम त्या आक्षेपात आहे. कथा-कवितेतले एखादे विशेषण फसले तर वाचक फार तर नाराज होतो. सूचीपत्रातले फसले तर त्याचे पैसे आणि जेवण दोन्ही वाया जाते. वस्तू हाताळता न येणाऱ्या माणसाने केवळ छापील शब्दावर विसंबून निर्णय घ्यावा, अशी या गद्याची अट असते. तरीही आपल्या वाङ्मयेतिहासात या लेखनाचा विचार जवळजवळ झालेलाच नाही.

अशा वाचनाचे एक मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातलेच आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईचे ठसे बनवत, छापखाना चालवत. चित्रपट काढायचे मनात आल्यावर त्यांनी चित्रपटविषयक सामग्रीच्या याद्या आणि पुस्तके जमवली. 1912 मध्ये ते लंडनला जाऊन आले. मागवलेली यंत्रे मुंबईत पोहोचली तेव्हा सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ती स्वतःच जोडली. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. त्यांच्या प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे वाचक फाळके महत्त्वाचे वाटतात. सातासमुद्रापलीकडच्या कुणा अनामिकाने काढलेला आराखडा बिनचूक नसता, तर ती यंत्रे खोक्यातच राहिली असती. त्या अनामिकाला आपण लेखक म्हणत नाही, पण त्याच्या कागदाने लेखकाचे काम चोख केले होते.

दुसरे उदाहरण मालाच्या कर्त्यांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सुरुवातीचे लोखंडी नांगर विक्रीविना पडून राहिले, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. माल चांगला असणे पुरेसे नव्हते. गिऱ्हाइकाच्या मनातली नेमकी शंका ओळखून तिला उत्तर देणे भाग होते. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते. त्या माहितीपत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले, त्यामागोमाग 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आले. आपण या मासिकांतल्या कथा आणि वादविवाद जपले, त्यांच्या मुळाशी असलेली मालाची माहिती मात्र विसरलो. माझ्या मते हा समीक्षेचा दोष आहे. अनोळखी वाचकाला विश्वासात घेऊन सोप्या मराठीत समजावणारी जी शैली या मासिकांची ओळख ठरली, तिची तालीम नांगराची माहिती देतानाच झाली असावी.

या दोन उदाहरणांच्या उजेडात मी माझे प्रूफ पुन्हा वाचले. चुका केवळ शब्दांच्या नव्हत्या. प्रत्येक भांड्याचे छायाचित्र सारख्याच आकाराचे होते, त्यामुळे तांब्या आणि घंगाळ एकाच मापाचे दिसत. तांबे वेगळे, पितळ वेगळे अशी मांडणी दुकानदाराच्या कोठारासाठी सोयीची होती, पण गिऱ्हाईक ‘देवपूजेचे’, ‘पाण्याचे’, ‘स्वयंपाकाचे’ असे शोधत येते. धातूचा भाव बदलता, म्हणून दर पानोपानी छापले तर सगळा कॅटलॉगच शिळा होतो. त्याला वेगळे दरपत्रकच हवे. मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, तेव्हा एक जादा भांडे घालायचे तर दुसरे कुठले गाळायचे हा संपादकीय प्रश्न होतो.

सर्वांत अवघड प्रश्न नावांचा होता. नमुन्यादाखल आलेल्या दुसऱ्या एका कॅटलॉगमध्ये कळशी, घागर आणि हंडा या तिघांनाही ‘कॉपर पॉट’ म्हटले होते, फरक फक्त लिटरचा. हे सुटसुटीत असेलही. पण कळशी कमरेवर बसते, हंडा तसा बसत नाही, हा फरक लिटरच्या आकड्यात मावत नाही. ज्या नावाने मागणी नोंदवता येत नाही, ते नाव बाजारातून उठते आणि काही काळाने घरातूनही. ओगराळे शब्द माहीत नसलेल्या पिढीला ओगराळे हवे आहे हे सांगता तरी कसे येणार?

याचा अर्थ जुनी नावे छापली की काम संपले, असा नाही. ‘घंगाळ’ एवढ्याने परगावच्या नव्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूखाली आम्ही क्रमाने नाव, उपयोग, माप, वजन आणि कल्हई एवढेच ठेवले. छायाचित्रात मापासाठी शेजारी एकच ठरावीक वाटी ठेवली. विशेषणे जवळजवळ सगळी गेली. पितळी पातेल्याखालची ओळ आता अशी आहे : ‘पातेले, पितळी. आमटी-भातासाठी. पाणी 3 लिटर. आतून कल्हई केलेली. झिजल्यावर पुन्हा करून घ्यावी.’

शेवटचे चार शब्द दुकानदारांना नको होते. त्यांच्या मते ती मालातली उणीव सांगणे झाले. आईंनी ते ठेवायला लावले. मीही तेच म्हटले असते, पण तोवर माझ्या मताला त्या घरात फारशी किंमत उरली नव्हती.