शासन–न्यास भागीदारी आणि पाण्याचा हिशेब : जलयुक्त शिवार अभियानाची चिकित्सा

लोकोपयोगी कामांसाठी राज्यसंस्था व धर्मादाय न्यास यांनी एकत्र यावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. बारव, घाट, धर्मशाळा यांची परंपरा दातृत्वावरच उभी आहे. तथापि डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यानंतर या सहकार्यास जे स्वरूप प्राप्त झाले, ते पूर्वीच्या दातृत्वाहून भिन्न आहे. शासनाचा निधी, देवस्थानांच्या देणग्या, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, सेवाभावी संस्थांची यंत्रे आणि गावकऱ्यांचे श्रम हे सारे एकाच नाल्यावर एकत्र आले. या सर्वांस ‘लोकसहभाग’ हा एकच शब्द सरसकट लावला गेला. त्या शब्दाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम देवस्थानांचा विचार करू. शिर्डीचे श्री साईबाबा संस्थान आणि प्रभादेवीचा श्री सिद्धिविनायक न्यास यांनी अभियानास कोट्यवधी रुपये दिले. ही देणगी स्तुत्यच होय. परंतु या दोन्ही संस्था अनुक्रमे २००४ व १९८० च्या स्वतंत्र कायद्यांन्वये चालतात आणि त्यांची व्यवस्थापन समिती नेमण्याचा अधिकार त्या कायद्यांनी राज्य शासनास दिला आहे. ज्याने विश्वस्त नेमावेत त्यानेच त्यांच्याकडे निधी मागावा आणि त्या व्यवहारास भागीदारी म्हणावे, यात ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत उरते? भागीदारीची पहिली अट नकाराचा अधिकार ही असते. ती नसेल तर हा केवळ एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत झालेला भरणा ठरतो.

कंपन्यांच्या निधीची स्थिती थोडी वेगळी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून, विहित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. अभियान त्याच वर्षी सुरू झाले आणि या निधीस एक दृश्य, मोजता येण्याजोगे व छायाचित्रात मावणारे काम मिळाले.

येथेच या भागीदारीतील मूळ दोष सापडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. देणगीदार जे देतो त्याचे मोजमाप यंत्राच्या तासांत होते आणि यंत्राच्या तासांचे फलित घनमीटरात. त्यामुळे काढलेली माती, खोल केलेला नाला, उपसलेला गाळ यांची मोजदाद काटेकोर होते. साठलेले पाणी कोणी, कोणत्या पिकास, किती वापरावे हा प्रश्न मात्र कोणत्याही करारात शिरत नाही. बांध घालणारे पुष्कळ, पण उपशावर नियंत्रण ठेवणारा कोणीही नाही. २०२० मध्ये विधिमंडळास सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात, सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे व भूजलपातळी वाढविणे या उद्दिष्टांवर अभियानाचा परिणाम अल्पच झाल्याचे नमूद आहे. या निष्कर्षावर राजकीय वाद पुष्कळ झाला. ऊस व विंधनविहिरी यांच्याविषयी मात्र त्या वादातही फारसे कोणी बोलले नाही.

वास्तविक याविषयीचा कायदा उपलब्ध होता. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात आला असून शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात प्रतिबंध आहे. निधी स्वीकारणाऱ्या गावाने या तरतुदीचे पालन करावे, एवढी एक अट जरी भागीदारीस जोडली असती, तरी देणगीस वेगळे वजन आले असते.

अशी अट अव्यवहार्य ठरली असती, हा आक्षेप टिकणारा नाही. आदर्श गाव योजनेत, हिवरेबाजारसारख्या गावी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान यांबरोबर विंधनविहिरींवरील बंधनही गावाने स्वीकारले. तेथेही शासनाचा पैसा होता आणि स्वयंसेवी माध्यमही होते. फरक होता तो गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या मर्यादेचा.

पानी फाउंडेशनचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झालेली तिची वॉटर कप स्पर्धा प्रशिक्षण व श्रमदानावर आधारलेली होती. ऐन उन्हाळ्यातील त्या सामूहिक श्रमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०१९ नंतर मात्र संस्थेने स्वतःच आपला भर पाणलोटाच्या कामांवरून पाण्याचे नियोजन, पीक व शेतकरी गट यांकडे वळविला. शासकीय धोरणापेक्षा एका संस्थेस हा धडा लवकर उमगला, असे म्हणावे लागते.

उत्तरदायित्वाचा प्रश्न याहून बिकट आहे. शासनाच्या खर्चाचे लेखापरीक्षण होते, नोंदणीकृत न्यासाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातो आणि कंपनीचा खर्च तिच्या संचालक मंडळाच्या अहवालात नोंदला जातो. एकाच नाल्याचा खर्च असा तीन वह्यांत विभागला जातो. ग्रामसभेने विचारायचे ठरविले तर कोणास विचारावे? चौथा हिशेब शेतकऱ्याचा. तो कोणत्याच वहीत नाही. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ काढण्याचा भार शासन व संस्थांनी उचलला, तर तो शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यावर सोपविला गेला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर अथवा रोकड होती त्याच्या शेतात गाळ पडला. सहभागाची ऐपत नसलेला शेतकरी लाभातूनही आपोआप वगळला गेला.

ही योजना २०२३ मध्ये नव्या स्वरूपात पुढे आली, तेव्हा अल्पभूधारकांस गाळवाहतुकीसाठी अनुदानाची तरतूद झाली. तोवर ‘सहभाग’ म्हणून गृहीत धरलेल्या खर्चास प्रथमच किंमत मिळाली. अनुदानाचे एकक मात्र घनमीटरच राहिले.