आजी, बासरी आणि अरण्य

दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न फराळाच्या यादीइतकाच नेमाने घरोघर निघतो. माझ्या नातवासाठी म्हणून मी एक कादंबरी आणली आणि त्याच्याआधी मीच ती वाचून संपवली. मग त्याने वाचली. वाचून झाल्यावर त्याने मला जो प्रश्न विचारला, त्यामुळे मला ती पुन्हा वाचावी लागली. त्या दुसऱ्या वाचनातून हा लेख झाला आहे.

इझाबेल अलेंदे ही चिलीची लेखिका. मरणशय्येवरच्या आजोबांना १९८१ साली तिने एक पत्र लिहायला घेतले आणि त्या पत्रातूनच तिची पहिली कादंबरी जन्माला आली. आजोबांना लिहिता लिहिता लेखिका झालेल्या या बाईने पुढे नातवंडांसाठी लेखणी उचलली, हे मला मोठे स्वाभाविक वाटते. २००२ साली स्पॅनिशमध्ये आलेल्या त्या पुस्तकाचे नाव मराठीत ‘पशूंची नगरी’ असे होईल.

कथेचा नायक अलेक्झांडर पंधरा वर्षांचा आहे. त्याची आई कर्करोगाने अंथरुणाला खिळली आहे. वडील तिला उपचारासाठी दूर घेऊन जातात, आणि मुलाची रवानगी आजीकडे होते. ही आजी, केट, आपल्या ओळखीची मुळीच नव्हे. ती जगभर हिंडून मासिकासाठी लेख लिहिते, आपल्याला कोणी आजी म्हटलेले तिला खपत नाही, आणि नातू न्यूयॉर्कला उतरतो तेव्हा त्याला घ्यायला ती विमानतळावर जातसुद्धा नाही. घर त्याने आपले आपण शोधावे! ती त्याला घेऊन ॲमेझॉनच्या अरण्यात निघते. तिथे एका प्रचंड, दुर्गंधी पशूची वदंता उठलेली असते. वाटाड्याची मुलगी नादिया अलेक्झांडरला भेटते, आणि पुढे ही दोन मुले धुक्यातल्या माणसांच्या टोळीबरोबर अशा प्रदेशात पोचतात की जिथे स्वप्न आणि जागृती यांच्यामधली भिंत पातळ होते.

या अद्भुताची बैठक मात्र पक्की आहे. व्हेनेझुएलाच्या दक्षिणेस सपाट माथ्याचे, ताशीव कड्यांचे डोंगर खरोखरच आहेत. तिथले लोक त्यांना तेपुई म्हणतात. त्यांतला रोराइमा २८०० मीटरांहून उंच आहे. कथेतले पशू म्हणजे कधीकाळी दक्षिण अमेरिकेत वावरणारे आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झालेले महाकाय भूचर स्लॉथ. लेखिकेने त्यांना जिवंत ठेवले आणि वाचा दिली, इतकेच.

याच डोंगरांवर कॉनन डॉइल यांनी १९१२ साली आपले ‘हरवलेले जग’ वसवले होते. ती कादंबरी लहानपणी मीही अधाशासारखी वाचली आहे. दोन्ही पुस्तकांत पठार आहे, लुप्त प्राणी आहेत, आणि योगायोग पाहा, दोहोंत हिरेही आहेत. डॉइल यांचे साहसवीर पठारावरून हिरे आणतात ते वाटून घेण्यासाठी आणि उडता सरडा आणतात तो लंडनच्या सभेत दाखवण्यासाठी. अलेंदेच्या अरण्यात नियम वेगळा आहे. तिथे काही घ्यायचे तर तोलामोलाचे काही द्यावे लागते. नादियाला स्फटिकाची तीन अंडी हवी असतात, तिला गळ्यातला ताईत ठेवावा लागतो. अलेक्झांडरला आईसाठी आरोग्याचे पाणी हवे असते, त्याला बासरी द्यावी लागते.

ही बासरी त्याच्या आजोबांची. आजोबा नामांकित वादक होते. या एका वस्तूत लेखिकेने सारा वारसा गोळा केला आहे. बासरीमुळे अनोळखी माणसे मुलाला आपला मानतात. कडा चढताना वडिलांनी शिकवलेले गिर्यारोहण उपयोगी पडते. आणि आजीच्या कठोरपणाचा अर्थ त्याला अरण्यातच कळतो. वारसा कपाटात जपून ठेवण्यासाठी नसतो, वेळ आली की तो खर्चावा लागतो, हे एवढे मोठे सत्य उपदेशाचा एक शब्द न उच्चारता मुलांपर्यंत पोचते. आजोबांची बासरी देऊन आईसाठी पाणी आणणे, यात तीन पिढ्यांचा हिशेब चुकता होतो. नवस बोलणाऱ्या आणि फेडणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

आता माझ्या नातवाचा प्रश्न. त्याने विचारले, “आजोबा, डॉक्टर लस म्हणून खरेच रोग टोचतात का?”

कादंबरीतली डॉक्टरीण तेच करते. जमीन मोकळी व्हावी म्हणून लशीच्या नावाखाली टोळ्यांमध्ये गोवर पसरवण्याचा हा कट. याला एक पार्श्वभूमी आहे. १९६८ साली व्हेनेझुएलातल्या यानोमामी लोकांत गोवराची भयंकर साथ आली होती. ती लशीमुळे भडकली असा आरोप २००० साली एका गाजलेल्या पुस्तकाने केला. तो आरोप पुढे टिकला नाही. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असते हे मला मान्य आहे. परंतु मुलांच्या पुस्तकात खलनायकाच्या हाती लशीची सुई देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. भीती ही गोष्टीतून जितकी खोल रुजते तितकी बातमीतून रुजत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. धुक्यातली माणसे शेवटपर्यंत धुक्यातच राहतात. त्यांना वाचवतात ती पाहुणी मुले, आणि अरण्याच्या रक्षणासाठी हिरे सोपवले जातात तेही परक्या आजीच्या हाती. प्रत्यक्षात घडले ते असे नव्हे. दावी कोपेनावा हा यानोमामी वैदू आणि पुढारी वर्षानुवर्षे देशोदेशी जाऊन आपल्या लोकांची बाजू मांडत राहिला, आणि १९९२ साली ब्राझीलने सुमारे ९६,००० चौरस किलोमीटर प्रदेश त्यांचा म्हणून मान्य केला. सोने शोधणाऱ्यांची घुसखोरी त्यानंतरही थांबली नाही, ही गोष्ट वेगळी. या कोपेनावाची आई, तो लहान असताना, बाहेरून आलेल्या गोवराच्या साथीतच गेली. अलेक्झांडर आईसाठी अरण्यातून पाणी आणायला निघतो. त्या अरण्यातल्या मुलाच्या आईसाठी मात्र बाहेरून कोणी काही आणले नाही.

हे सारे मी नातवाला सांगितले. लस न मिळाल्यामुळे माणसे गेली, मिळाल्यामुळे नव्हे, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे त्या मुलाची गोष्ट अजून कोणी लिहायची आहे.”

अलेक्झांडर आईच्या बिछान्याशी पोचण्यापूर्वीच कादंबरी संपते, आणि ते योग्यच आहे. या दिवाळीत हे पुस्तक मुलांना अवश्य द्यावे. मात्र देऊन मोकळे होऊ नये. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने ते आधी वाचावे, आणि मुलाचा प्रश्न येईल तेव्हा जवळ असावे.