ज्येष्ठताक्रम आणि विलीनीकरण

मालवण तालुक्यातील कट्टा परिसरात गावऱ्हाटीच्या मानकऱ्यांचा क्रम त्या त्या गावापुरता ठरलेला असतो. परंतु दोन गावे एक झाली तर पहिला मान कोणाचा, हे कोणत्याही एका गावची रूढी सांगू शकत नाही. २००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक झाल्यावर वैमानिकांपुढे हाच पेच उभा राहिला. कंपनी एक झाली. ज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोनच राहिल्या. २०११ मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने समान वेतनासाठी संप केला. २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डने ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावर आपल्या सभासदांचा अग्रहक्क सांगितला; तो संप ५८ दिवस चालला. दोन्ही संघटनांच्या युक्तिवादात एक दोष समान आहे : ज्येष्ठता हा व्यक्तीचा गुण मानला गेला. वस्तुतः तो एका यादीतील परस्परसंबंध होय. यादी मोडली की नेमणुकीची तारीख उरते, तिचा अर्थ उरत नाही. तथापि मूळ प्रमाद संघटनांचा नव्हे. न्या. धर्माधिकारी समिती नेमली गेली ती २०११ मध्ये. म्हणजे आधी विलीनीकरण व चार वर्षांनी क्रमाचा विचार. जो क्रम कराराने ठरावयाचा, तो मग संपाने ठरविण्याचा यत्न झाला, यात नवल नाही.