‘पास’ चाचणीचा तिसरा आकडा

ऑटिझम असलेल्या लहान मुलांना लवकर मदत कशी मिळेल, हा विषय निघाला की कुणीतरी ‘पास’ चाचणीचं नाव घेतंच. निबंध २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. गोवा आणि रावळपिंडी मिळून ६५ मुलं. साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ही पद्धत, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांत १२ सत्रं, आणि ती घेणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. जिथे थेरपिस्ट शोधायला तालुक्याबाहेर जावं लागतं, तिथे ही मोठीच गोष्ट आहे, हे आधी सांगून टाकते.

पद्धत अशी: पालक मुलाशी खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात, मग कार्यकर्त्यासोबत बसून तोच बघतात. समजा, मूल गाडीचं चाक फिरवत बसलंय. आपण काय करतो? ‘इकडे बघ, रंग कुठला सांग!’ इथे पालक शिकतात की मुलाचं लक्ष आहे तिथेच आपण जायचं: ‘चाक फिरतंय, गरगर!’

आठ महिन्यांनी मोजलं तेव्हा पालकांचा असा प्रतिसाद वाढला होता. मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाणही वाढलं होतं. इथपर्यंत सगळे सांगतात. तिसरं मोजमाप होतं दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचं. ते मात्र या पद्धतीच्या गटात कमी निघालं! लेखकांनी हे लपवलेलं नाही, सारांशातच आहे. गाळतो आपण, स्लाइड बनवताना. (मीही गाळलंय, एका सेमिनारला.)

माझा खरा आक्षेप मोजण्याच्या जागेवर आहे. ही तिन्ही मोजमापं पालक-मुलाच्या खेळातलीच, म्हणजे जिथे शिकवलं तिथलीच. पाढे शिकवून पाढ्यांचीच परीक्षा. व्हिडिओ तपासणाऱ्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं, त्यामुळे निकालावर शंका घ्यायचं कारण नाही. पण हेच मूल अंगणवाडीत बाईंशी आपणहून बोलेल का, याचं उत्तर या तीन आकड्यांत नाही. शिवाय वयोगट दोन ते नऊ. नऊ वर्षांच्या मुलाला ‘लवकर’ मदत? आपल्याकडे निदानच उशिरा होतं, म्हणून चालवून घेऊ.

तेव्हा ‘पास’ पुढे करून कुणी म्हणालं, ‘आई घरीच करेल, थेरपिस्टची जागा भरायला कशाला हवी?’, तर थांबवा त्यांना. त्या चाचणीतल्या कार्यकर्त्यांना शिकवायला आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला तज्ज्ञ होतेच.