मूबेर्य, व्हिल्हेल्म
मूबेर्य, व्हिल्हेल्म : (२० ऑगस्ट १८९८–८ ऑगस्ट १९७३). स्वीडिश कादंबरीकार, नाटककार व पत्रकार. जन्म दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रांतात मोशुल्टमोला येथे, एका गरीब सैनिकाच्या कुटुंबात. लहानपणीच त्याला शेतावर आणि काचकारखान्यात काम करावे लागले. खडकाळ, निकस जमिनीमुळे ह्या प्रांतातून असंख्य लोक अमेरिकेस गेले. मूबेर्यचे अनेक आप्तही त्यांत होते. १९१६ मध्ये तोही निघणार होता. पण ऐनवेळी मायदेशीच राहिला.

मागे राहिलेल्याची ही जाणीव त्याच्या प्रसिद्ध कादंबरी-चतुष्टयाच्या मुळाशी आहे : उतवांद्रार्ना (१९४९, म. शी. देशांतर करणारे), इनवांद्रार्ना (१९५२), नीबिगार्ना (१९५६) आणि सिस्ता ब्रेव्हेत तिल स्व्हेरिये (१९५९, म. शी. स्वीडनला शेवटचे पत्र). १८५० मध्ये मिनेसोटात जाऊन वसलेल्या कार्ल ऑस्कर व क्रिस्टीना ह्या शेतकरी दांपत्याची ही कथा. तीसाठी त्याने अमेरिकेत जाऊन वसाहतकऱ्यांच्या दैनंदिन्या अभ्यासिल्या. लेखनाचा काही भागही कॅलिफोर्नियात झाला. तथापि भूमीची व श्रमाची वर्णने जन्मगावाच्या अनुभवातूनच आलेली आहेत. दगड वेचून शेत करणाऱ्या कार्ल ऑस्करला मिनेसोटाची काळी माती भेटते, तेव्हाचा त्याचा आनंद म्हणूनच खरा वाटतो.

ह्या यशाची किंमत क्रिस्टीनाच्या व्यक्तिरेखेत दिसते. माहेराहून आलेल्या बियांपासून वाढलेल्या झाडाचे सफरचंद ती मृत्युशय्येवर चाखते. हा प्रसंग भावविवशतेकडे झुकण्याजोगा होता. संयत निवेदनामुळे तो तसा होत नाही. वृद्ध कार्ल ऑस्कर गावाच्या नकाशावरून बोट फिरवीत जुन्या वाटा शोधतो. जमीन मिळाली, पण गाव गेले, हे कादंबरीकाराचे अंतिम विधान होय.

१८६२ चा डकोटा उठाव अखेरच्या खंडात येतो. मूळ रहिवाशांची फसवणूक व उपासमार लेखक नमूद करतो. मात्र त्यांच्यातील एकही व्यक्तिरेखा क्रिस्टीनाइतकी सजीव होत नाही. एकाची नवी भूमी ही दुसऱ्याची हिरावलेली मायभूमी असते, ही विसंगती त्यामुळे सूचितच राहते. ही मर्यादा लक्षात घेऊनही, देशांतराला साहसकथा न मानता कायमच्या वियोगाच्या रूपात पाहणारी ही कृती स्वीडिश साहित्यात महत्त्वाची ठरते. यान त्रोएल ह्याने तीवर दोन चित्रपट काढले (१९७१, १९७२).