टिकमार्क झाला, पण बाळाने श्वास घेतला का?

आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाची गुणवत्ता हा विषय निघाला की 'बेटरबर्थ' हा अभ्यास टाळता येत नाही. उत्तर प्रदेशातले २४ जिल्हे, १२० सरकारी आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची २८ मुद्द्यांची चेकलिस्ट आणि ती वापरायची सवय लागावी म्हणून आठ महिने कोचिंग. उरलेल्या केंद्रांत नेहमीसारखंच काम.

निकाल डिसेंबर २०१७ मध्ये छापून आला. कोचिंग सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा १८ आवश्यक गोष्टींपैकी सरासरी ७२.८ टक्के होत होत्या. दुसऱ्या गटात ४१.७. आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू (मृत जन्म धरून) व आईची गंभीर गुंतागुंत? १५.१ विरुद्ध १५.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच!

'चेकलिस्ट फसली' असं म्हणून मोकळं होणं मला घाईचं वाटतं. माझा आक्षेप त्या ७२.८ वर आहे. सरासरीत सगळ्यांना सारखाच भाव. बाळाचं वजन केलं, एक गुण. तापमान घेतलं, एक गुण. पण बाळ श्वासच घेत नसेल तर?

चेकलिस्ट विचारते, बॅग आणि मास्क जवळ आहे का? आहे. झाली टिक. आता बाळ बाहेर आलं, पुसलं, पाठ चोळली, तरी श्वास नाही. हातात एक मिनिट. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, मान बेताची मागे ठेवायची, छाती वर येतेय ना ते बघायचं. अशी बाळं शंभरात मोजकीच, त्यामुळे सराव नसला की शिकलेला हातही विसरतो. आणि बेटरबर्थच्या कोचिंगमध्ये वैद्यकीय कौशल्यं शिकवणं नव्हतंच, यादी पाळून घेणं होतं.

इथे गडचिरोली आठवते. बंग दाम्पत्याच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांनाच बाळाला श्वास द्यायला शिकवलं, आणि १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आल्याचं मांडलं. ती घरची बाळंतपणं होती, शिवाय जंतुसंसर्गावर इंजेक्शनंही दिली जात; तेव्हा सगळं श्रेय श्वासाला देऊ नका. पण तिथे मोजलं ते बाळ जगलं का, हे.

बेटरबर्थमध्ये कोचिंग थांबून चार महिने झाले तेव्हा ७२.८ चे ६१.७ झाले होते. पेपरवर बहुतेक चर्चा या घसरणीची होते. ते अकरा टक्के परत मिळवले तरी मास्क धरणारा हात तयार होतो का, हे त्या आकड्यातून कळत नाही.