परीक्षेतील अहवाल : रूप आणि सत्य

केंब्रिजच्या ‘सी-१ ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजी परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या भागात अहवाल हा एक पर्याय असतो. मर्यादा २२० ते २६० शब्दांची. मूल्यमापनाचे निकष चार : आशय, संप्रेषणसिद्धी, मांडणी व भाषा. यांतील ‘आशय’ म्हणजे विचारलेले मुद्दे उत्तरात आले की नाहीत, एवढेच. त्यांची सत्यता तपासली जात नाही. तपशील कल्पनेने रचले तरी चालतात. वस्तुतः पडताळून पाहता येणारे विधान हा अहवालाचा प्राण होय. तो वगळला की उरतात उपशीर्षके, कर्मणी रचना आणि शिफारशी. परीक्षा भाषेची आहे, हे मान्य. परंतु ‘असे आढळून आले’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्यावर काही पाहिल्याचे उत्तरदायित्व येते, ही जाण भाषाज्ञानाचाच भाग नव्हे काय?